मुठीतली किल्ली

मेलेल्या माणसाला शिंक आली आणि त्याने ती दाबली. नाकात कापूस कोंबलेला होता, म्हणून निभावलं.

एरवी या भूतबंगल्याच्या खेळात तो दारावरचा भुताळी नोकर असायचा. लोकांना आत घ्यायचं, बाहेरून कडी घालायची आणि खदाखदा हसायचं, एवढंच काम. पुढे बाकीची भुतं त्यांना घाबरवत आणि हसवत, अन् कोडी सोडवत सोडवत मंडळी बाहेर पडत. पण आज प्रेताचं काम करणाऱ्याची पाठ धरली. मॅनेजरने ऐन वेळी यालाच पेटीत आडवा केला.

"तुम्ही मेलेले घरमालक," मॅनेजर म्हणाला. "किल्ली मुठीत धरा. लोक काहीबाही विचारतील, तुम्ही तिरकी उत्तरं द्या. मी वरून घंटा वाजवली की मूठ सोडा. बाकी काही डोक्यात ठेवू नका."

पहिली टोळी आत आली आणि कोणीतरी हसलं. हसता हसता शेवटी उचकी लागल्यासारखं. असं त्याची बायको हसायची. आणि लेक.

त्याने पापण्या किलकिल्या केल्या. लेकच होती. थोडी भरली होती अंगाने. तिची पर्स सांभाळणारा तो नवरा असणार. लग्नाला याला कोणी बोलावलंच नव्हतं.

बोलावणार तरी कशाला? बायको दवाखान्यात अखेरच्या घटका मोजत होती, तेव्हा हा परगावी नाटकाचा प्रयोग करत होता. प्रयोग रद्द केला नाही. घरी पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं, आणि याच्या कानामागे रंग तसाच. लेकीने तो रंग पाहिला. "तुम्ही तिकडेच राहा," एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं. ते दार पुन्हा उघडलं नाही.

तिच्या नवऱ्याने वाकून विचारलं, आत उकडत नाही का?

"उकडतं ते भाडेकरूला," प्रेत गेंगाण्या आवाजात म्हणालं. "मालकाला नाही."

सगळे हसले. तीही हसली. किती वर्षांनी त्याने तिला हसवलं होतं. पडल्या पडल्या त्याचं काळीज सुपाएवढं झालं.

बाकीचे कोपऱ्यातली ट्रंक उचकत होते. काहीतरी कुजबुज झाली. मग ती एकटीच पेटीपाशी आली, वाकली, आणि लहानपणी विचारायची तशी हळूच म्हणाली, "बाबा, कधी माझी आठवण येते का?"

घंटा वाजली असावी. त्याचं कुठे लक्ष होतं? डोळ्यांतलं पाणी पांढऱ्या रंगातून ओघळत कानापर्यंत गेलं.

"रोज येते," तो म्हणाला. आवाज गेंगाणाच निघाला, पण कोणी हसलं नाही. "चुकलं माझं, बाळ. फार चुकलं."

मूठ आपोआप सुटली. तिने किल्ली उचलली, पण हात लगेच काढून घेतला नाही. तिचेही डोळे भरून आले होते. नवऱ्याने हाक मारली तशी ती गेली.

मेकअपवाली बाई रंग सारखा करायला आली आणि ओघळ बघून कुरकुरली. त्याने तिचा हात धरला.

"निळ्या ड्रेसातली मुलगी बाहेर असेल. तिला थांबायला सांगा. माझी लेक आहे."

"अहो, मग आधी नाही का बोलायचं!" म्हणत ती पळाली.

तो पुन्हा आडवा झाला. एवढा रंग फासलेला, नाकात कापूस, तरी ओळखलं पोरीने. आणि स्वतःहून विचारलं. पुढची टोळी गेली की तोंड धुवायचं. या वेळी कानामागेही नीट धुवायचं, आणि मगच तिच्यासमोर जायचं.

पुढची मंडळी आत आली. ट्रंक उघडल्याचा आवाज झाला, कोणीतरी आतली चिठ्ठी पुटपुटत वाचली, खसखस पिकली. मग एका जाडजूड, मिशाळ गृहस्थाला मित्रांनी पुढे ढकललं. तो पेटीवर वाकला, हसू कसंबसं आवरलं आणि बायकी आवाज काढून म्हणाला, "बाबा, कधी माझी आठवण येते का?"

घंटा वाजली.