शेवटच्या जनावराची हाक

फ्रीज गुरगुरायला लागला आणि बेडरूममधली शांतता मोडली. रेकॉर्डिंगसाठी भिंतींना रजया लावून, दाराला आतून कडी घालून तिने ती सकाळपासून सांभाळली होती. फ्रीज बंद करायला म्हणून तिने दार उघडलं, तर बाहेर जमिनीवर चिऊ झोपलेली. चार वर्षांचं मुटकुळं, मूठ अजून चौकटीला टेकलेली. खेळता खेळता डोळा लागला असेल, असं म्हणत तिने लेकीला उचलून पलंगावर ठेवलं.

ती ज्याचे आवाज बनवत होती, तो सिनेमा जंगलातला होता. नव्वद वर्षांपूर्वी नामशेष झालं म्हणतात ते जनावर शोधायला पाच जण बंदुका घेऊन निघतात आणि एकेक करून कमी होत जातात. जनावर दिसतच नाही. फक्त ओरडतं. ते ओरडणं तिने बनवायचं होतं, आज संध्याकाळपर्यंत. चिऊ झाल्यानंतरचं हे पहिलंच मोठं काम. ओला दोर बादलीवर घासून झाला, खुर्ची फरफटवून झाली, स्वतःचा घसाही खरवडून झाला.

"ताई, हा तर ढेकर देणारा रेडा झाला," दिग्दर्शक फोनवर म्हणाला. "जनावर नकोय हो मला. ज्याच्या हाकेला ओ द्यायला कुणी उरलं नाही, असं काहीतरी द्या. नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी विचारतो."

तिने सकाळचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. दोराच्या करकरीमागे काहीतरी होतं. दाराबाहेरचं. बारीक, लांबलचक, मध्येच श्वास अडकणारं. तेव्हा तिच्या हेडफोनमध्ये सिनेमातलं वादळ घोंघावत होतं. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. माइकला आलं होतं. वीस मिनिटं.

तिचा हात थांबला. मग तिने दोराची करकर पुसली, मागे उरलेला आवाज चौपट संथ केला, खर्जात नेला. ऐकून तिच्याच अंगावर काटा आला. तिने तो पाठवून दिला.

उत्तर लगेच आलं. "कुठून आणलंत हे? असेच आणखी तीन हवेत. याहून घाबरलेले."

ती तो आवाज दृश्यावर बसवून बघत होती. झाडीतून हाक आली आणि पाचही बंदुका तिकडे वळल्या. तेवढ्यात मागे पलंग करकरला. चिऊ उठून आली, डोळे चोळत तिच्या मांडीवर चढली.

"ते रडतंय."

"सिनेमातलं आहे गं, राणी."

झाडीतून पुन्हा हाक आली. चिऊ मान कलती करून ऐकत राहिली.

"आई, त्याची आई घरात नाहीये का?"