उदासीवर भोपळ्याचं सूप

“आणखी एक चमचा, बाबा. भोपळ्यात ऊन साठवलेलं असतं.”

बाबांनी तोंड उघडलं, चमचाभर ऊन गिळलं आणि पुन्हा भिंतीकडे बघत बसले. अंगावर दोन ब्लँकेटं, पायांत लोकरीचे मोजे, पोटाशी गरम पाण्याची पिशवी. एवढ्या उबेत एखाद्या अंड्यातून पिल्लू बाहेर आलं असतं. पण अंड्यांना या घरात बंदी होती.

बंदी माऊने घातली होती. माऊ हे नाव लहानपणीचं. माऊ आता चाळिशीला टेकली होती. ती खेळणी डिझाइन करायची. हिवाळ्याच्या तोंडावर तिची कंपनी बंद पडली आणि ती आईबाबांकडे राहायला आली. प्रवास जेमतेम दुपारभराचा, पण त्याचा शीण तिला चांगला महिनाभर पुरला. वरच्या खोलीत ती डोक्यावरून पांघरूण घेऊन पडून असायची. आई दाराशी ताट ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची.

मग एके सकाळी आई ताटाशिवायच आली. “तुझ्या बाबांनी अंथरूण धरलंय. बोलत नाहीत, जेवत नाहीत. मी तर हात टेकले. तुझ्याच्याने काही होतंय का बघ बाई.”

बाबा म्हणजे फुटबॉलचे पंच. सगळा जन्म शिट्टी फुंकत धावण्यात गेलेला. निवृत्तीनंतरही बसच्या रांगेत कुणी कुणाला ढकललं, तर पुढे होऊन निवाडा करणारा माणूस. तो आता भिंतीकडे बघत बसला होता. थंडीच्या दिवसांत माणसं अशी खचतात, हे माऊने वाचलं होतं. काही खचलेली पुढे सावरतच नाहीत, हेही वाचलं होतं. बाबा हातचे जातील या भीतीने तिने केस बांधले आणि कंबर कसली.

ती स्वतः व्हीगन होती. तिने जाहीर केलं, “जे पळतं, पोहतं, उडतं किंवा हंबरतं, त्याचं काहीही या घरात येणार नाही.” लोण्याचा डबा घराबाहेर गेला तेव्हा बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माऊने ते उदासीच्या खात्यात टाकलं. मग मसुराचा स्ट्यू शिजू लागला. बदामाच्या दुधात कोको उकळू लागला. काजूचं चीज पहिल्यांदा केलं तेव्हा त्याने भिंतीची भेग बुजवता आली असती. पुढे पुढे ते खाता येऊ लागलं. सकाळी पडदे सरकवून उजेडात बसायचं, दुपारी बागेपर्यंत चालून यायचं, संध्याकाळी मेणबत्ती लावून दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी सांगायच्या.

“दिवस संपला,” बाबा सांगायचे. “सूप संपलं.” मग बराच वेळ डोकं खाजवून, “मेणबत्तीही संपत आलीय.”

माऊला हसू फुटायचं आणि लगेच स्वतःची लाज वाटायची. बाप खचलाय आणि आपण दात काढतोय!

एकच गोष्ट तिला उलगडत नव्हती. उदासीचा झटका आला की बाबा गुडघा धरून कण्हायचे. मनाच्या दुखण्यात गुडघा कुठून आला, हे कुठल्याच पुस्तकात सापडत नव्हतं.

त्या दिवशी ती मशरूम आणायला निघाली आणि पिशवी विसरली म्हणून अर्ध्या वाटेवरून परतली. मागच्या दाराने आत शिरली. स्वयंपाकघरातून धाडधाड आवाज येत होता.

फ्रीजसमोर आई गुडघ्यांत वाकून उभी होती, हातांत ओव्हनचे जाड हातमोजे. समोर बाबा, हाफ पँटमध्ये, टोमॅटोसारखे लाल. पायाशी स्ट्यूसाठी आणलेला कोबी.

“पेनल्टी!” बाबा गरजले आणि त्यांनी कोबीला सणसणीत लाथ हाणली. आई झेपावली. कोबी तिला चुकवून फ्रीजवर आदळला आणि गडगडत माऊच्या पायांशी आला.

तिघंही कोबीकडे बघत राहिले. मग बाबा सावकाश फरशीवर आडवे झाले आणि त्यांनी गुडघा धरला.

माऊच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मैदानात उगाच लोळणारे खेळाडू बाबांनी जन्मभर पाहिले होते. आजारपणाचं तेवढंच एक सोंग त्यांना ठाऊक होतं.

“उठा!” ती ओरडली. “मी रोज उजाडायच्या आत उठून तुमच्यासाठी बदाम वाटतेय! अंघोळ करून बाजार गाठतेय! भाजीवाल्याशी भोपळ्यावरून तावातावाने भांडतेय! एवढ्या गारठ्यात तुम्हाला फिरवून आणतेय! काल तुम्ही हसावं म्हणून मी जिन्यात नाचले, बाबा, नाचले! आणि तुम्हाला काही झालेलंच नाही?”

बाबांनी गुडघा सोडला. त्यांनी आईकडे बघितलं.

आईने हातमोज्यानेच डोळे पुसले.

“तू अंथरुणातून उठतच नव्हतीस, माऊ. तुला बाहेर काढायचं तर आमच्यापैकी कुणीतरी अंथरूण धरणं भागच होतं,” ती म्हणाली. “मीच धरणार होते गं. पण मग स्वयंपाक यांनी केला असता.”