पहिलं ताट

“पिशवी बाहेरच ठेव. आणि साबणाने दोनदा हात धू,” आई दारातूनच म्हणाली.

थोरलीने पिशवी पायरीवर ठेवली. आत चार रिकामे पिंजरे आणि एक लोखंडी दांडा होता. गेली अकरा वर्षं ती धान्याच्या गोदामात उंदीर मारत होती. पाहुण्यांना मात्र “ती गोदामात असते” एवढंच सांगायचं, असं घरात ठरून गेलं होतं. आजचे पाहुणे म्हणजे धाकट्या भावाचे साहेब.

भाऊ सकाळीच त्यांना शिकारीला घेऊन गेला होता. शेतं उकरणारी रानडुकरं मारायचा परवाना त्याच्याकडे होता. नवी कोरी बंदूक होती. भिंतीवर मेलेल्या जनावरांशेजारी छाती काढून उभ्या असलेल्या भावाचे सात फोटो होते. दुपारी दोघं जेवायला परतले तेव्हा आईने पहिलं ताट त्याच्यापुढे ठेवलं. पहिलं ताट शिकाऱ्याचं, ही बाबांच्या उमेदीच्या काळापासूनची घरातली रीत. मग साहेबांचं, मग बाबांचं. थोरलीचं ताट स्वयंपाकघराच्या दाराशी, स्टुलावर.

“काय नेम आहे हो तुमचा!” साहेब म्हणाले. “एवढं मोठं धूड, पण कोलमडलंच.”

“लागलं ना! जबड्याला लागलं बहुतेक,” भाऊ घास घेत म्हणाला. “पण उठलं आणि रक्त सांडत ओढ्याच्या झाडीत पळालं.”

थोरलीचा हात थांबला. “मग?”

“मग काय? जेवायची वेळ झाली होती. साहेबांना किती ताटकळत ठेवायचं? मरेल आपोआप.”

“जबडा फुटलेलं जनावर आपोआप मरत नाही. त्याला खाता येत नाही. आठ-आठ दिवस उपाशी तडफडतं.”

“अगं, जेवताना काय हे!” आई म्हणाली.

थोरलीने बाबांकडे पाहिलं. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा शिकारी नव्हता. रिकामे डबे मांडून त्यांनी दोन्ही मुलांना नेम शिकवला होता. डबा आधी पडायचा तो थोरलीचा, बंदूक मिळाली ती धाकट्याला. जखमी जनावर मागे टाकून यायचं नाही, हे बाबांचं पालुपद होतं. पण दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, आणि बोलणं दिवसाकाठी चार शब्दांवर आलं. आता ते नुसते ताटाकडे बघत बसले होते.

“बाबा, सांगा ना याला.”

बाबांनी डावा हात ताटाच्या कडेवर ठेवला, एवढंच. थोरलीला फार वाईट वाटलं. निदान त्यांनी तरी मान हलवायची.

भाऊ मोठ्याने हसला. “साहेब, आमच्या ताईला भारी कळवळा! स्वतः आठवड्याला पन्नास उंदीर मारते आणि मला धडे देते.”

साहेबांचा घास तोंडातच राहिला. अकरा वर्षं झाकलेली गोष्ट घरच्याच हुशाराने पाहुण्यापुढे वाढली होती. आईने कपाळाला हात लावला.

“हो, मारते,” थोरली उभी राहिली. “एका घावात मारते. दर वेळी जिवावर येतं, तरी मारते. कारण ते धान्य माणसांना खायचं असतं. पण अर्धमेलं टाकून कधी जेवायला आले नाही. आणि भिंतीवर फोटो तर एकाचाही लावला नाही!”

तिने दाराआडची बंदूक उचलली. दोन गोळ्या खिशात टाकल्या.

“ए, ठेव ती! ते काय उंदीर आहे का?”

“नाही ना. म्हणूनच तुझी बंदूक नेतेय.”

ओढ्याच्या झाडीत तिने फार वेळ घालवला नाही. दुखावलेलं जनावर लहान असो की मोठं, मोकळ्यावर थांबत नाही. ते अंधार शोधतं, ओल शोधतं, पाठीशी भिंत शोधतं. गोदामात ती रोज हेच बघत होती. म्हणून ती ओढ्याच्या कडेकडेने जात सरळ रस्त्याखालच्या सिमेंटच्या पाइपाशी गेली. पाइपाच्या तोंडावर रक्त होतं. डुक्कर आत भिंतीला टेकून उभं होतं आणि जबडा खाली लोंबत होता. अंगावर यायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. ते तिच्याकडे नुसतं बघत राहिलं.

तिने बंदूक खांद्याला लावली. माफ कर, असं ती म्हणाली नाही. माफी मागून चाप ओढायचा, हे तिला स्वस्तातलं वाटलं. तिने श्वास रोखला आणि एकच गोळी झाडली. मग ओढ्याकाठच्या दगडावर बसून ती पोटभर रडली.

ती परतली तेव्हा उन्हं कलली होती. साहेब कधीच निघून गेले होते. भाऊ तोंड फुगवून कोपऱ्यात बसला होता. तिने बंदूक त्याच्यापुढे ठेवली. उरलेली गोळीही ठेवली.

“आलीस? नाक कापलंस आमचं,” आई म्हणाली. “आणि यांचं बघ! दुपारपासून एक घास घेतलेला नाही. भरवायला गेले तर तोंड घट्ट मिटून घेतात. ताटही उचलू देत नाहीत.”

बाबा टेबलाशी तिथेच बसले होते. पुढे ताट होतं, दुपारी वाढलं तसंच. थोरली टेबलाशी येताच त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“सापडलं?”

“सापडलं, बाबा. एका गोळीत गेलं.”

बाबांनी डोळे मिटले आणि उघडले. मग डावा हात ताटाला लावला आणि ते ढकलायला सुरुवात केली. ताट टेबलावरून हळूहळू सरकत थोरलीपुढे आलं.

“अहो, तिने हात तरी धुतलेत का?” आई म्हणाली.

“बाबा, हे तुमचं ताट आहे.”

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. जीभ वळत नव्हती, पण त्यांनी ती वळवलीच.

“पहिलं,” ते म्हणाले. “शिकाऱ्याचं.”