लॉन्ड्रीची वायर

"आधी लॉन्ड्रीची वायर उपटा!" हॉस्पिटलचे मोठे साहेब सर्व्हरच्या खोलीत शिरता शिरताच ओरडले. "नऊला ते कॉम्प्युटर जोडलं आणि साडेनऊला ऑपरेशन थिएटरमधले एक्स-रे गेले. आणखी काय पुरावा हवाय?"

पडद्यासमोर बसलेल्या मुलीनं मान वर केली नाही. "दोन मिनिटं द्या, सर."

तिचं काम सांगायला सोपं होतं. हॉस्पिटलात साडेतीनशे मशिनं. मशिनं एकमेकांना नंबरानं ओळखतात, माणसं मात्र नावं घेतात. कुठल्या नावाचा कुठला नंबर, याची नोंदवही तिच्या सर्व्हरवर. कुणी 'एक्स-रे' म्हटलं की सर्व्हर पत्ता सांगणार. तीन वर्षं तिनं ती एकटीनं सांभाळली आणि अशी काही वही आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. आज सगळ्यांना कळलं.

साहेबांच्या मागोमाग तिची आत्या आत आली. लॉन्ड्रीची मुकादम, हात कोपरापर्यंत ओले. लॉन्ड्रीला कॉम्प्युटर मिळावं म्हणून तिनं चार वर्षं साहेबांचे उंबरठे झिजवले होते. चादरी हरवल्या की आळ तिच्या बायकांवर यायचा. आता कुठला गठ्ठा कुठल्या वॉर्डात गेला याची नोंद राहणार होती. सकाळी ते कॉम्प्युटर बसलं आणि दीड तासात त्याला उचलायची भाषा.

"साहेब, आमच्या मशिनानं कुणाच्या अंगाला हात लावलेला बघितलात का तुम्ही?" आत्या म्हणाली. "कोपऱ्यात गप बसलंय बिचारं. तुमच्यापेक्षा गप."

"बाई, तिकडे म्हातारा माणूस खुब्याचं हाड मोडून पडलाय. डॉक्टर हात धुऊन उभे आहेत आणि पडद्यावर फोटो येत नाही!"

"मग त्याच्याकडं बघा की. माझ्या वायरीला काय बघताय?"

"आत्या, जरा थांब," भाची म्हणाली. "सर, ओपीडीत एक्स-रे दिसतायत ना?"

"दिसतायत. फक्त थिएटरमध्ये नाहीत."

भाचीचे हात थांबले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

सर्व्हर एक नव्हता, दोन होते. एक मुख्य, दुसरा त्याची नक्कल ठेवणारा. अर्धं हॉस्पिटल पहिल्याला विचारायचं. थिएटर आणि बाकीचं अर्धं दुसऱ्याला. हा दुसरा मोठा आळशी. तो सगळी वही वाचत बसत नाही. वहीच्या वर एक आकडा असतो, तेवढा बघतो. आकडा वाढला असेल तर नवी नक्कल उतरवून घेतो, नसेल तर काही बदललंच नाही असं धरून जुनेच पत्ते सांगत राहतो. म्हणून वहीत एक अक्षर बदललं तरी वरचा आकडा एकानं वाढवायचा. भाचीनंच तसं ठळक अक्षरांत लिहून कागद भिंतीवर चिकटवला होता, खुर्चीच्या बरोबर समोर.

आज सकाळी तिनं लॉन्ड्रीचं नाव वहीत चढवलं. एक्स-रेचं मशीन नव्या खोलीत हलवलं होतं, त्याचा नवा पत्ताही लगोलग घातला. आकडा तसाच राहिला.

तिनं आकडा वाढवला. दुसऱ्या सर्व्हरनं नक्कल उतरवली. "विचारा थिएटरला."

साहेबांनी फोन लावला. "आले? नीट दिसतायत?" फोन ठेवला, कपाळ पुसलं, आणि खिशातून पेन काढलं. माणसाचा जीव भांड्यात पडला की त्याला आधी कागद आठवतो.

"वर कळवावं लागेल," ते आता गोड आवाजात म्हणाले. "लिहून टाकतो, लॉन्ड्रीचं नवं मशीन जोडल्यामुळे बिघाड. ते काढून टाकलं की विषय मिटला. तुमच्यावर काही येत नाही. तुमच्या बढतीचा कागद माझ्याच टेबलावर आहे, उगाच डाग कशाला?"

आत्यानं ओले हात पदराला पुसले. ती भाचीकडे वळली.

"कारण ते नाही, सर," भाची म्हणाली. "वहीचा आकडा वाढवायचा असतो. मी विसरले. लॉन्ड्रीच्या मशिनाचा काडीचा संबंध नाही."

"तुमचं नाव घालावं लागेल."

"घाला."

"प्रत सगळ्या विभागांना जाते. पार स्वयंपाकघरापर्यंत."

"जाऊ दे. पूर्ण नाव घाला, सर. याच नावाची एक नर्स आहे, तिला उगाच त्रास नको."

साहेबांनी लिहिलं. पेन जरा जास्तच दाबलं.

ते गेल्यावर आत्या भिंतीवरच्या कागदापाशी गेली. एकेका अक्षरावर बोट ठेवत तिनं तो शेवटपर्यंत वाचला. "एवढा मोठा कागद लावलास गं भवाने," ती म्हणाली, "तो काय मी येऊन वाचायचा?"

आणि पदर खोचून चालू लागली.

लॉन्ड्रीत धुण्याचं मोठं मशीन धडधडत होतं. बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. "आत्या, आपलं कॉम्प्युटर नेणार?"

"कोण नेतोय बघते."

"मग चूक निघाली तरी कुणाची?"

"माझ्या भाचीची."

पलीकडच्या टोकाला इस्त्री करणारीनं कानामागे हात धरला. "कुणाची?"

आत्यानं मशीन बंद केलं. ते घरघरत थांबेपर्यंत वाट बघितली.

"माझ्या भाचीची," ती म्हणाली.