एकतीस टक्के प्रयत्न

बाबूराव साटमांच्या कपाळावरच्या पट्टीचा दिवा पुन्हा लाल झाला. प्रयत्न एकतीस टक्के. चाळीसच्या खाली गेलं की यंत्र आपणहून 'ढोंग' असा शेरा मारायचं आणि अपंगत्वाचा दाखला अडायचा. मेंदूला मार लागलेले आजचे हे नववे गृहस्थ. चाचणी घेणाऱ्या मृदुलाची मान दुखत होती.

"काका, मी वाचलेल्या पंधरा शब्दांतले दोनच सांगितलेत. मन लावून करा हो."

"लावलंय की, मॅडम," ते म्हणाले आणि त्यांचे ओठ परत हलू लागले.

"मघापासून काय पुटपुटताय?"

ते ओशाळले. "बायको बाहेर बसलीय. काल हाक मारायला तिचं नावच सापडेना. रडली हो. आज सकाळपासून धरून ठेवलंय. तुमचे शब्द घ्यायला गेलो की ते सुटतं."

मृदुलाने पेन खाली ठेवलं. "मग तोवर ते नाव माझ्याकडे द्या."

ते जरा घुटमळले. मग हळूच म्हणाले, "सुगंधा."

पुढच्या फेरीत शब्द चारच आले, पण दिवा हिरवा होता. शहाण्णव टक्के.

पट्टी निघताच साटमांनी दाराकडे पाहिलं आणि तिच्यापुढे ओंजळ धरली.

"द्या, मॅडम."