अण्णांचा हात

वैजयंताने शिकवणीचा हातमोजा चढवला आणि वडिलांची बोटे तिच्या बोटांवर अलगद मिटली. अण्णा आता नव्हते. पण त्यांचे धार काढणे या मोज्यांत नोंदवलेले होते, आणि तालुक्यातले सारे नवे दूधउत्पादक त्यांच्याच हाताने शिकत होते.

"ताई, मोजा घातला की म्हैस लाथ झाडते," सगुणामावशी कुरकुरल्या. "तुमच्या अण्णांशी काय वैर होतं हिचं?"

वर्ग हसला. वैजयंता खाली वाकली. म्हशीचे सड सुजले होते. अण्णा अंगठा आत दुमडून धार काढत; त्याच्या पेराने सड चेंगरत असे. ती खोड आता प्रत्येक गोठ्यात पोहोचली होती.

सगळे मोजे ज्या मूळ नोंदीवर चालत ती तिच्याच मोज्यात होती; ती पुसली, तर तो स्पर्श जगात कुठेच उरणार नव्हता. तिने वडिलांना एकदा आपली मूठ घट्ट मिटू दिली. मग नोंद पुसून टाकली. मोजा सैल पडला.

"आता माझ्या हाताकडं बघा," ती म्हणाली.

शेजारच्या म्हशीचा सड तिने उघड्या हाताने धरला. तिचाही अंगठा आपसूक आत वळला. ती क्षणभर थांबली, मग तिने अंगठा सरळ केला आणि पूर्ण मुठीने पहिली धार काढली.