एकांताची सहल

"थोडा खा गो. येकटा बसायला पण ताकद लागते." रुकैया खालाने वाळूवर प्लेट ठेवली आणि तिथंच फतकल मारून बसली.

तसनीमने डोळे मिटून घेतले. आधी पाणी आलं होतं, मग टोपी. मग काशिफ मामू ऊन कुठून येतंय ते समजावून गेले होते.

ती दोहातल्या एका कॉलेजात अमेरिकन साहित्य शिकत होती. या सत्रात रोमँटिक काळ होता. रोमँटिक म्हणजे प्रेमाबिमाचं नव्हे, हे घरी पटवण्यात तिचा आठवडा गेला. दोनशे वर्षांपूर्वी तिकडचे काही लेखक माणसांच्या गजबजाटाला विटले आणि रानावनात, तळ्याकाठी रमू लागले. देवाशी बोलायला मध्यस्थ नको, स्वतःशी बोलायला शेजारी नकोत, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी वर्गाला सांगितलं, पुस्तक नंतर उघडा. आधी एक दुपार उघड्यावर घालवा, एकट्यानं, फोनशिवाय. मग लिहा.

बाकीच्या मुलींनी गच्चीवर बसून ते उरकलं. तसनीमला मात्र ते खरंच हवं होतं. शहरातल्या अल मन्सूरा भागात त्यांच्या दोन खोल्यांत सहा माणसं राहत. विचार करायचा तर बाथरूममध्ये जावं लागे, आणि तिथंही कुणीतरी दार वाजवी. जन्मल्यापासून ती कधी एकटी बसली नव्हती. आपण एकटे असताना कसे असतो, हे तिला एकदा तरी बघायचं होतं.

तिचे अब्बा, बशीर, हमद पोर्टवर एका शिपिंग कंपनीत क्लार्क. माणूस वाईट नव्हता. त्यांनी नाही म्हटलं नाही. "येकटी जायचाय ना? मग सगळीच जाऊ. तू येकटी बस." तसं त्यांनी रत्नागिरीकरांच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली आणि चार गाड्या, बिर्याणीचा टोप आणि ताडपत्र्या असा सगळा लवाजमा पार उत्तरेला, मदिनत अश शमालच्या पुढच्या किनाऱ्यावर उतरला. एकांताला एवढी माणसं याआधी कधी लागली नसतील.

जागाही अब्बांनीच नेमून दिली, ताडपत्रीवरून नीट दिसेल अशी. सगळे तिच्याकडे तोंड करून बसले. ती हलली की कुजबुज होई. उठून चार पावलं गेली की हाक येई. घरात निदान भिंती होत्या, त्यांच्याकडे तोंड करून झोपता यायचं. इथं एवढा समुद्र असून तिचा जीव कोंडला. रडू आलं, पण तेही सगळ्यांना दिसलं असतं.

शेवटी ती उठली. आता अम्मीच यांना आवरू शकेल, असं तिला वाटलं. पण ताडपत्रीवर अम्मी नव्हती. तिची अम्मी, अनीसा, पहाटेपासून चार गाड्यांचं जेवण रांधत होती. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती कुठं गेली, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"असेल गाडीत," काशिफ मामू म्हणाले. ते अम्मीचे सख्खे भाऊ. त्यांनी बिर्याणीतली नळी फोडायला घेतली होती.

हात धुऊन येते म्हणून तसनीम गाड्यांमागे गेली. गाड्या रिकाम्या होत्या. पलीकडे ओहोटीनं चिखल उघडा पडला होता आणि तिवरांची झाडं सुरू होत होती. त्यांच्या आडोशाला, एका खडकावर, अम्मी खाली साचलेल्या पाण्यात पाय सोडून बसली होती. चपला शेजारी काढून ठेवलेल्या. हात मांडीवर नुसतेच. अम्मीचे हात रिकामे असतात, हे तसनीमने पहिल्यांदा पाहिलं.

"अम्मी, इथं काय करतेस?"

अनीसा दचकली. चोरी पकडल्यासारखी तिनं घाईघाईनं चप्पल उचलली. "काय नाय गो. तू अभ्यास मोठ्यानं वाचतेस, तो किचनमध्ये ऐकायला येतो. बघावा म्हटला, येकटा बसून कसा वाटतो. सगळे तुझ्याकडं बघत होते, कुणाला कळला नाय. चल, जाऊया."

"मग? कसं वाटलं?"

"आत्ताच तर बसले होते."

तेवढ्यात ताडपत्रीकडून अब्बांची हाक आली. "तसनीम, ए तसनीम." मग रुकैया खालाची, मग मामूंची. सगळ्या हाका तिच्याच नावाच्या होत्या. अनीसाच्या नावानं कुणी हाक मारत नव्हतं.

तसनीमने अम्मीच्या हातातली चप्पल काढून घेतली आणि परत खडकावर ठेवली. "तू बस," ती म्हणाली.

ती एकटीच परतली आणि अब्बांनी नेमून दिलेल्या जागेवर जाऊन बसली, सगळ्यांना दिसेल अशी. चहा आला. शाल आली. रुकैया खाला पुन्हा शेजारी येऊन टेकली.

उन्हं उतरली तसे अब्बा उठले. घड्याळ बघत, पँटची वाळू झाडत तिच्यापाशी आले. "झाला काय गो तुझा येकटा बसना?"

"नाही अब्बा," तसनीम म्हणाली. "अजून जरा वेळ लागेल."